गाडीवाल्या पिक्चरचा शेवट

अण्णा, मला एका जागी बसवत नाही. लातूरला घरी असले की वाटतं नायगावला जावं, आणि नायगावला आले की वहिनीचं तोंड बघवत नाही म्हणून पुन्हा पिशवी उचलते. परवा नांदेडच्या बसस्टँडवर उतरले आणि कशासाठी उतरले तेच आठवेना. रसवंतीत बसून उसाचा रस प्यायले आणि परतीच्या एसटीत चढले. हे म्हणाले, "अगं, खामोखा कुठं कुठं हिंडून राहिलीस?" मी म्हणाले, भाऊ गेलाय माझा, हिंडू द्या मला. गल्लीत बुलेट वाजली की हातातलं टाकून खिडकीशी जाते. दरवेळी तो कोपऱ्यावरचा जिमवाला पोरगा असतो. आता तर तो मला बघून हात करायला लागलाय, काय समजतो कोण जाणे.

सगळे म्हणतात, मॅडम, तुम्ही आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, भावावर काहीतरी लिहा. काय लिहू? जन्म, शिक्षण, व्यवसाय, पश्चात पत्नी आणि एक मुलगा असा परिवार? ते चौकातल्या फ्लेक्सवर छापून झालं. त्या फ्लेक्सवर 'कै. भास्कर' या नावाशेजारी ओंकारनं तुझा आधार कार्डावरचा फोटो लावलाय. मी त्याला झापलं, तर पोरगं रडवेलं होऊन म्हणालं, "आत्या, पप्पांचा दुसरा फोटोच नाही. सगळ्यांचे फोटो तेच काढायचे." नायगाव-बिलोलीत ज्या घरात जावं तिथं भिंतीवर तू काढलेला फोटो, आणि तुझाच एक धड फोटो नसावा? धन्य आहे तुझी.

मला लिहायचंय ते आपल्या भांडणाबद्दल. कारण ते अर्धवट राहिलंय, आणि पुढं बोलायची पाळी तुझी होती.

तो गाडीवाला पिक्चर. त्याचं खरं नाव तू गल्लीला कधीच सांगितलं नाहीस, सीडीवरसुद्धा मार्करनं नुसतं 'गाडी' लिहून ठेवलंस, म्हणून मीही इथं लिहीत नाही. तू आणि बाळू तो पहिल्यांदा बघून आलात. बाळू म्हणजे आपल्या शेजारच्या गयाकाकूंचा थोरला, तुझ्याच वर्गातला आणि अभ्यासात तुझ्यासारखाच यथातथा. फोटोचे कागद आणायला म्हणून दोघं हैदराबादला गेलात आणि वेळ घालवायला एका थेटरात मॉर्निंग शोला शिरलात. इंग्रजी पिक्चर, एक शब्द कळला नाही. दोन लांब केसांचे बाप्ये, दोन मोटारसायकली, आणि अमेरिकेच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत नुसता रस्ता. परत आलात ते येडे होऊन. बाळूनं घरच्यांच्या मागं लागून बुलेट घेतली. तू बिलोलीच्या एका डॉक्टरची जुनी घेतलीस, जी ढकलल्याशिवाय सुरू व्हायची नाही. बापू म्हणाले, "ह्ये मोकाट रेड्यावानी केस वाढवलेत, उद्या न्हाव्याला घरीच बोलावतो." तू म्हणालास, "बोलवा की, मी घरी नसतो." आणि खरंच तू आठ दिवस घरी नव्हतास.

पुढं तू स्टुडिओ टाकलास, लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगच्या ऑर्डरी घ्यायला लागलास. त्याच बुलेटवर पुढं कॅमेऱ्याची बॅग, मागं लाइटचे स्टँड बांधलेले, आणि मानेवर रुळणारे केस. देगलूर, उदगीर, जळकोट, जिथं मांडव तिथं तू. मग एकदा हैदराबादच्या कुठल्याशा बाजारात तुला त्या पिक्चरची कॅसेट सापडली. त्या भाऊबीजेला मी माहेरी आले तर ओवाळायच्या आधीच तू मला व्हीसीआरपुढं बसवलंस. म्हणालास, "शके, तू इंग्रजीची मास्तरीन. ह्ये काय बोलतेत ते मला एक एक सांग."

मी सांगत गेले, तू थांबवत गेलास. मी म्हणाले, तो म्हणतोय की आपण मुक्त आहोत. तू कपाळाला हात लावलास. "मुक्त बिक्त आपल्यात कोन म्हनतं? मोकळं म्हन की." मी म्हणाले, हे लोक काहीतरी नशेचं विकतायत. तू म्हणालास, "गल्लीत दावायचाय मला, हेडमास्तर म्होरं बसतेत. युरिया म्हन." म्हटलं, अण्णा, युरिया विकून कोणी अमेरिका फिरतं का? "खताची टंचाई आसंल त्या साली," म्हणालास. मी हसून हसून लोळले. ताटातली निरांजनं विझून गेली, वहिनी दोनदा हाक मारून गेली, तरी आपलं चाललंच होतं.

आणि मग शेवट आला. रस्ता, त्या दोन गाड्या, शेजारून जाणारा ट्रक, आणि ट्रकमधल्या दोघांनी केस लांब आहेत म्हणून, नुसती गंमत म्हणून उचललेली बंदूक. मला माहीत नव्हतं असं होणार. मी ओरडलेच. तुला माहीत होतं, तू पडद्याकडं बघतच नव्हतास. तू उठून कॅसेट काढलीस आणि म्हणालास, "एवढं दावायचं न्हाई."

"न्हाई म्हणजे? पिक्चरच त्याच्यासाठी आहे, अण्णा!"

"आसू दे."

तिथून जे भांडण लागलं ते संपलंच नाही. गल्लीच्या गणपतीत एक दिवस तुझ्या पिक्चरचा ठरून गेला. स्टुडिओतलं मागचं पांढरं कापड पडदा म्हणून ताणायचं, आणि तू शेजारी माइक धरून उभा. तिकडं ते इंग्रजीत बोलणार, इकडं तू आपल्या बोलीत. मधे त्यांच्यासोबत निघालेला वकील मारला जातो, तर तू म्हणायचास, "वकीलसाहेबाची कोर्टात तारीख व्हती, ते गेले परत." बायांचा भाग आला की पळवायचास, आणि वर म्हणायचास की लाइट गेली होती त्यांच्याकडं. ट्रक यायच्या जरा आधी पिक्चर थांबवायचास, आणि तुझ्या मनचा शेवट सांगायचास. ओंकार सांगत होता, दरवर्षी वेगळा. एके साली ते दोघं नांदेडला येऊन गोदावरीत अंघोळ करून गेले. एके साली नरसी फाट्यावर गॅरेज टाकलं. पण पोचायचे मात्र दरवर्षी. घरी पोचायचे, आई भाकरी टाकायची, आणि गल्ली 'मोरया' म्हणून उठायची.

मी हे कधी डोळ्यांनी बघितलं नाही. माझ्या सासरी दहा दिवसांचा गणपती, मला कुठली सुटी? मी लातूरहून फोन करायची. "दाखवलास का पुरा?" "न्हाई." "अण्णा, ही फसवणूक आहे." "आसंल." "त्या माणसानं जीव ओतून पिक्चर काढला, त्याला जे म्हणायचंय तेच तू कापतोस! मोकळं राहणाऱ्याला लोक जगू देत नाहीत, हेच तर म्हणायचंय त्याला." तू म्हणायचास, "ते आमाला ठाव हाय. त्याच्यासाठी पिक्चर कशाला बघाया पायजे?" आणि मग विषय बदलायचास. सोयाबीन काय भावानं गेलं, लातूरला नळाला पाणी आलं का. मी फणफणत फोन ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवताना तुला सुनवायची वाक्यं सुचायची.

मला वाटायचं, तुझा धंदाच झालाय तो. वाईट दिसलं की कापायचं. लग्नाच्या कॅसेटीत तू आयुष्यभर तेच केलंस. जळकोटच्या त्या लग्नात वरातीत बँडवरनं जुंपली, खुर्च्या उडाल्या, नवरदेवाच्या मामाचं डोकं फुटलं. तुझ्या कॅसेटमध्ये तिथं गुलाबाची फुलं गोल गोल फिरत होती आणि सनई वाजत होती. पुढं त्याच दोन घरांत दुसरी सोयरीक झाली, तर तू मला छाती काढून सांगतोस, "बघ, कॅसेट बघून बघून भांडन इसरले. ह्ये लगीन माझ्यामुळं जमलं." 

पण माझ्या लग्नाची कॅसेट, अण्णा. तिच्यावरून मी तुला माफ केलं नाही, आणि आता तू नाहीस तरी करत नाही. मी जीपमध्ये बसताना बापूंच्या गळ्यात पडून रडले होते. कॅसेटमध्ये मी हसत हसत मांडवातून निघते आणि एकदम सासरच्या उंबऱ्यावर माप ओलांडते. बापू गेल्यावर मला ते रडणं बघायचं होतं. त्यात बापूंचा हात माझ्या डोक्यावर होता. मी तुला फोन केला, तर म्हणालास, "ती टेप पुसून दुसऱ्या लग्नाला वापरली गं." मी फोन आपटला. महिनाभर बोलले नाही तुझ्याशी. मग तूच लातूरला आलास, दारात उभा राहिलास आणि काही न बोलता पिशवीभर सीताफळं ठेवलीस. माफी मागायची तुझी तेवढीच रीत. मी ती सीताफळं खाल्ली आणि रागही तसाच ठेवला.

चांगलं काहीच नव्हतं का? होतं की. ते आठवलं की जास्त त्रास होतो. मला नोकरी लागली त्या साली दिवाळीला तू मला न्यायला लातूरला आलास. एसटीनं जाऊ म्हणाले, तर ऐकलं नाहीस. मागं बसवलंस आणि निघालास. जळकोट सोडलं, चढ-उताराचा रस्ता संपला, मुखेडच्या अलीकडं सरळ पट्टा लागला. तिथं तू गाडी थांबवलीस. "चालवतीस का?" मी नेसूची साडी दाखवली. "मंग खोच की वर." मी खोचली, अण्णा! तू मागं बसून ओरडत होतास, क्लच सोड, हळू सोड, आणि ती गाडी जी निघाली!  वारा असा अंगावर येत होता की डोळ्यांतनं पाणी. पुढून मेंढरं आली आणि मी सरळ तुरीच्या रानात घातली गाडी. खुरपणाऱ्या बाया खुरपी टाकून हसायला लागल्या. तू मातीत बसून मला विचारतोस, "ब्रेक कुनी दाबायचा, त्यांनी?" घरी तू बापूंना सांगितलंस की एसटीतनं उतरताना पडली. तेव्हाही कापलंसच.

त्या दिवसाबद्दल मी तुला कधी नीट काही बोलले नाही. आता बोलते. मी पुढं आयुष्यात जे काही धाडस केलं, एकटीनं लातूरला खोली केली, प्राचार्यांच्या तोंडावर नाही म्हणाले, त्या प्रत्येक वेळी माझ्या पायाखाली ती गाडी होती. तू दिलेली.

आता बाळूचं. बाळू त्या भाऊबीजेच्या आधीच्या लग्नसराईत गेला. तुम्ही दोघं गोव्यापर्यंत जाणार होतात, दोन गाड्यांवर, त्या पिक्चरसारखं. ऐन वेळी तू म्हणालास की तारखा घेतल्यात, ऑर्डरी मोडता येत नाहीत. बाळू म्हणाला, "मी म्होरं हुतो, तू ये मागनं." आणि तो गेला. तो गेला तो गेलाच. गाडी सापडली नाही, माणूस सापडला नाही, कुठल्या ठाण्यात नोंद नाही. लग्नं संपल्यावर तू शोधायला निघालास, बेळगावच्या पलीकडंपर्यंत जाऊन आलास, दाढी वाढवून. त्यानंतर बाळूचं नाव तू माझ्यासमोर कधी घेतलं नाहीस. आणि मीही, बघ, एवढी शहाणी, पण पिक्चरचा शेवट आणि बाळू या दोन गोष्टी कधी एकत्र ठेवून बघितल्या नाहीत. मी भांडत होते ते कलेबद्दल. तू कशाबद्दल गप्प होतास ते तू सांगितलंच नाहीस.

नांदेडच्या दवाखान्यात तू सांगणार होतास, मला आता वाटतं. नाकात नळी आणि तरी तुझं चालूच होतं. नर्सला विचारत होतास, "सिस्टर, तुमच्या लग्नाचं शूटिंग कुनी केलं? लाइट कमी मारलाय का बघा." ती बिचारी हसून गेली. मग तू माझ्याकडं वळलास. "शके, यंदा माइकवर तू बोल."

"मी बोलले तर पुरा दाखवीन. आधीच सांगून ठेवते."

तू भांडला नाहीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. म्हणालास, "गयाकाकूला म्होरं बसव. खुर्ची दे तिला, खाली बसून गुडघे धरतेत तिचे." म्हटलं, काकूंचं काय मधेच? तेवढ्यात डॉक्टर आले, मला बाहेर काढलं. वाटलं, संध्याकाळी विचारू. संध्याकाळी तुला मशीनवर टाकलेलं होतं, आणि मशीनवरच्या माणसाला काय विचारणार?

गणपती आले. मंडळाची पोरं ओंकारकडं आली की अण्णाकाकांच्या नावानं पिक्चर लावायचा, आणि तुमच्या आत्यांनी बोलायचं. मी सासरचा गणपती सुनेवर सोपवला आणि आले. वहिनी मांडवात येणार नव्हती. यंदा घरात सण नाही. ती गच्चीवर बसून बघणार होती. मला म्हणाली, "ताई, ते बोलायचे तसंच बोला. तसाच शेवट करा. म्हातारीचं कितीसं राहिलंय आता."

"कुठल्या म्हातारीचं?"

वहिनी काही बोलायच्या आत मागच्या दारानं सुमन आली. काकूंची सून, धाकट्याची बायको. तिनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "ताई, तुमच्या पाया पडते. यंदा खरं सांगून टाका." मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. बारा वर्षं झाली तेव्हाच भटजी म्हणाले होते, दर्भाचा पुतळा करा आणि बाळूची क्रिया उरकून घ्या. काकूंनी करू दिली नाही. "सासूबाई म्हंत्यात, भास्करच्या पिक्चरमदले दोघं दरसाली पोचतेत, माझा बी पोचंल. पिक्चर झाला की घरी येऊन एक भाकरी जास्तीची थापतेत. दाराला कडी लावू देत न्हाईत, ताई. आमी उघड्या दारात झोपतो. अण्णाभाऊंनी लई माया केली, खोटं कशाला बोलू? पन आमचं घर तितंच आडकून पडलंय."

मी त्या स्वयंपाकघरात नुसती फिरत राहिले, अण्णा. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. मला तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर हातातला तांब्या फेकून मारला असता. मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं मी फोनवर कला न् सत्य न् काय काय पाजळत होते आणि तू सोयाबीनचे भाव सांगत होतास! आणि तू कुणाला जपत होतास रे? काकूंना, का स्वतःला? ते दोघं मेले म्हणालास तर बाळूही मेला असेल म्हणावं लागणार, आणि मग तो एकटाच गेला होता, तू मागनं गेलाच नाहीस, हेही म्हणावं लागणार. वहिनी म्हणते तसं केलं तर सुमनचं दार उघडंच राहणार. सुमन म्हणते तसं केलं तर मी भरल्या गल्लीत एका आईला तिचा पोरगा मेला म्हणून सांगणार, तेही कुठल्या अमेरिकेच्या पिक्चरवरून. आणि बाळूचं नक्की काय झालं ते ना तुला ठाऊक होतं, ना मला. मरताना हे माझ्या गळ्यात टाकून गेलास. वा रे भाऊ.

अंधार पडला, आरती झाली, पडदा ताणला. काकूंना मी पुढं खुर्ची दिली. पार वाळून गेल्यात. माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "शकुंतला का गं? भास्करवानीच दिसतीस." ओंकार लॅपटॉपशी बसला. मी माइक धरला आणि वाटलं, माझ्यानं होणार नाही. पण पहिला माणूस पडद्यावर बोलला आणि माझ्या तोंडून तुझंच आलं. युरिया म्हणाले, गल्ली हसली. वकीलसाहेबांची तारीख म्हणाले, तर मागून पोरांनी माझ्याआधीच म्हटलं, त्यांना सगळं पाठ. मोकळं म्हणाले. तो रस्ता, ती दोघं, आणि मधे मधे कुणीच बोलत नाही तेव्हा नुसता गाड्यांचा आवाज. त्या आवाजात मला रडू आलं, मी माइक जरा बाजूला धरला.

मग ती जागा आली. ओंकारला ठाऊक होती, त्यानं थांबवलं. पडद्यावर दोघं आपापल्या गाड्यांवर, तसेच थिजलेले. सगळी गल्ली माझ्याकडं बघत होती. गच्चीवर वहिनी. मांडवाच्या खांबाला धरून सुमन. काकू पुढं वाकल्या.

"पोचले का गं?"

मला पोचले म्हणता येईना. नाही पोचले, हेही म्हणता येईना. माझ्याजवळ खरी एकच गोष्ट होती, तेवढीच बोलले. माइक खाली ठेवून, त्यांच्याजवळ बसून.

"काकू, अण्णा इथंच थांबवायचा. पुढं अजून आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "फुडं हाय?"

"हो."

"इतकी वरसं दावलं न्हाई त्यानं?"

"नाही."

"वंगाळ हाय?"

"हो, काकू."

 मागं एक लेकरू रडत होतं, त्याला कुणीतरी बाहेर नेलं. मग काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि ओंकारला म्हणाल्या, "लाव."

ओंकारनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. पुढं बोलण्यासारखं काही नव्हतंच, माइक तसाच पडून राहिला. ट्रक आला. जे व्हायचं ते झालं. एक रस्त्याच्या कडेला पडला, दुसऱ्याची गाडी पेटली, आणि ती आग लांब लांब जात लहान झाली. शेजारून नदी वाहत होती. मग नुसती नावं यायला लागली. गल्लीत कुणी 'मोरया' म्हणालं नाही. सुमननं तोंडाला पदर लावला होता. मी काकूंकडं बघत होते. मला वाटलं त्या रडतील, मला शिव्या देतील, तुला देतील. त्या पडद्यावरची ती नावं वर सरकताना बघत होत्या, जणू कुणाचं तरी नाव शोधतायत.

मग त्यांनी माझा दंड धरला.

"ह्यांच्या मायांना कुनी कळवलं का गं?"

अण्णा, आपण दोघं इतकी वर्षं भांडलो. कला काय, खरं काय, दाखवायचं का कापायचं. हे तुला सुचलं नाही, मला सुचलं नाही, आणि पिक्चर काढणाऱ्यालाही सुचलेलं नव्हतं. मी पडद्याकडं बघितलं. तिथं आता काहीच नव्हतं, नुसतं तुझ्या स्टुडिओतलं पांढरं कापड.

"नाही, काकू. कुणीच कळवलं नाही. पिक्चर इथंच संपतो."

काकूंनी दंड सोडला नाही. हळूच म्हणाल्या, "मंग त्या बसल्याच आसतील की अजून."